स्पोर्ट्स कारच्या टायरमधली हवा: पकड, वळणं आणि पीएसआय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्पोर्ट्स कारवाल्यांच्या गप्पांत इंजिन येतं, एक्झॉस्ट येतो, सस्पेन्शन येतं आणि फार तर टायरचा ब्रँड येतो. त्या टायरमध्ये हवा किती पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) आहे, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. गाडीचा स्वभाव बदलण्याचा इतका स्वस्त आणि पटकन परत फिरवता येणारा उपाय दुसरा नाही. म्हणूनच त्याबद्दल अर्धवट समजुतीही भरपूर आहेत. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात.

दोन-तीन पीएसआयने खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो. दीड हजार किलोची गाडी धरा. प्रत्येक टायरवर सरासरी पावणेचारशे किलो भार येतो. टायरमधला दाब ३२ पीएसआय, म्हणजे साधारण २.२ बार असेल, तर ढोबळ हिशेबाने जमिनीला टेकलेला भाग १६५ ते १७० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. ब्रेक, वळण, पिकअप, सगळं या चार तुकड्यांवर चालतं.

हिशेब ढोबळ यासाठी म्हटलं, की टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) आणि आतला सांगाडाही थोडा भार पेलतात. त्यामुळे दाब दहा टक्क्यांनी कमी केला म्हणून टेकलेला भाग बरोबर दहा टक्क्यांनी वाढत नाही. शिवाय पकडीच्या दृष्टीने नुसतं क्षेत्रफळ महत्त्वाचं नसतं. त्या तुकड्यात भार कसा पसरला आहे, हे जास्त महत्त्वाचं. मधोमध एकवटला आहे, कडांवर गेला आहे, की सगळीकडे सारखा आहे? हवेचा दाब मुख्यतः हे ठरवतो.

जाता जाता: रुंद टायर लावला की जमिनीला टेकलेला भाग खूप वाढतो, असं समजलं जातं. भार आणि दाब तेवढेच असतील तर क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही. आकार बदलतो, आधी लांबट होता तो आडवा होतो. वळणावर त्याचा फायदा होतो, पण कारण वेगळं असतं.

हवा कमी केली की पकड वाढते, हे खरं ना?

अर्धं खरं, आणि उरलेलं अर्धं महाग पडतं.

रबराच्या प्रत्येक बिंदूवर भार जितका कमी आणि सारखा, तितकं ते भाराच्या मानाने जास्त घर्षण देतं. गरजेपेक्षा जास्त हवा असलेला टायर मधोमध फुगतो, कडा हलक्या होतात आणि काम मधल्या पट्ट्यावर येतं. खडबडीत रस्त्यावर तो उसळतो, आणि उसळलेला टायर तेवढा वेळ काहीच पकडत नाही. अशा टायरमधली हवा कमी केली की पकड वाढतेच. ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून हवा काढणाऱ्याला हाच अनुभव येतो आणि तो म्हणतो, ‘अजून काढा.’

पण एका मर्यादेनंतर चित्र उलटं होतं. वळणात साइडवॉल इतकी दुमडते की टायर बाहेरच्या कडेवर चालायला लागतो आणि आतली कड जवळपास रिकामी राहते. ट्रेडचा (रस्त्याला टेकणाऱ्या रबरी पट्ट्याचा) मधला भाग आत दबतो. साइडवॉल सतत वाकल्याने उष्णता तयार होते, ती टायरच्या खांद्यात (ट्रेड आणि साइडवॉल जुळतात त्या कडेत) साठते आणि रबर तिथे जास्त तापून सैल पडतं. आता हवा वाढवली तर पकड वाढेल!

म्हणजे आलेख डोंगरासारखा आहे. हवा कमी करावी की वाढवावी, हे तुम्ही डोंगराच्या कुठल्या उतारावर उभे आहात त्यावर ठरतं. इंटरनेटवरचे निम्मे वाद दोघे वेगवेगळ्या उतारांवर उभे असल्याने होतात.

हवा जास्त भरली की स्टिअरिंग धारदार लागतं. मग पकड जास्त नाही का?

नाही, आणि या पानावरचा सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच असावा.

स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या दिशेला तोंड करतं, त्याच दिशेला टायर लगेच जात नाही. टेकलेला भाग जमिनीला धरून राहतो, वरचा सांगाडा पिळला जातो आणि या पिळातून गाडीला बाजूला ढकलणारं बल तयार होतं. चाकाचं तोंड आणि टायरची प्रत्यक्ष वाट यांच्यातल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. साइडवॉल कडक असेल तर हे बल पटकन तयार होतं. हवा वाढवली की साइडवॉलला आतून जास्त आधार मिळतो, आणि गाडी हाताखाली लगेच वळायला लागते. मजा येते, यात शंका नाही.

पण बल किती लवकर येतं आणि जास्तीत जास्त किती येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा जास्त असलेला टायर सुरुवातीला तरतरीत वाटतो, पण त्याच्या बलाचं शिखर लवकर आणि खालच्या पातळीवर येऊ शकतं. वर पकड सुटतेही झटक्यात. योग्य दाबाचा टायर आधी थोडा कुरकुरतो, स्टिअरिंग हलकं होत जातं आणि चालकाला सावरायला वेळ मिळतो. फार कमी हवेचा टायर उलट उशिरा उत्तर देतो. स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी टायरवर झुकते, क्षणभर थांबते आणि मग वळते. झटपट डावं-उजवं करताना हा उशीर साचत जातो आणि मागचा भाग लोंबकळल्यासारखा वाटतो.

म्हणून पकड तपासायची असेल तर हाताच्या भावनेवर विसंबू नका. बंद ट्रॅकवर एकाच वळणात वेग किती टिकतो ते पाहा, नाहीतर लॅपची वेळ पाहा. रस्त्यावर हे तपासायची गरजही नाही आणि जागाही नाही.

पुढे आणि मागे हवा वेगळी का सांगितलेली असते?

कारण दोन्हीकडचा भार वेगळा असतो, आणि गाडीचा समतोल त्या फरकावर उभा असतो. पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या अॅक्सलच्याही (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्याही) मागे आहे. तिच्या मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा जास्त हवा सांगितलेली असते. मागे साइडवॉल सैल पडली तर वळणात शेपूट आधी सरकेल.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण शेव्हरोले कॉर्व्हेअर. १९६० चं मॉडेल म्हणून आलेल्या या गाडीचं इंजिनही मागे होतं आणि मागचं सस्पेन्शन स्विंग अॅक्सल प्रकारचं (चाक वर-खाली होताना त्याचा कलही बदलतो असं) होतं. कंपनीने थंड टायरसाठी पुढे १५ पीएसआय आणि मागे २६ पीएसआय सांगितले होते. हा मोठा फरक चुकून ठेवलेला नव्हता. पुढचे टायर मुद्दाम सैल ठेवून गाडीला अंडरस्टिअरकडे (वळणात पुढचा भाग आधी बाहेर सरकण्याकडे) झुकवलं होतं, म्हणजे मागचा भाग अचानक सुटू नये. पण चारही चाकांत सारखीच हवा भरायची सवय असलेल्या मालकाने आणि मेकॅनिकने तो फरक पुसून टाकला, की सुरक्षेसाठी रचलेला हा समतोल गेला. १९६४ च्या मॉडेलमध्ये सस्पेन्शनच सुधारलं गेलं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या चाचण्यांनी निष्कर्ष काढला, की त्या काळच्या तशाच गाड्यांपेक्षा कॉर्व्हेअर जास्त धोकादायक नव्हती. गाडीच्या बदनामीबद्दल मत काहीही असो, गाडीची सुरक्षितता टायरमधल्या हवेच्या फरकावर टांगून ठेवणं हे मला तरी कच्चं इंजिनिअरिंग वाटतं.

मग हवा बदलून अंडरस्टिअर किंवा ओव्हरस्टिअर (वळणात शेपूट आधी सुटणं) कमी करता येतो का?

थोडा कमी करता येतो. समजा टायर गरम झाल्यावर दाब शिखराच्या, म्हणजे सर्वाधिक पकडीच्या, दाबापेक्षा जास्त आहे आणि गाडी वळणात नाक बाहेर काढते. पुढची हवा एक पीएसआय कमी केली की पुढची पकड वाढेल आणि नाक आत येईल. शेपूट सुटत असेल तर मागे एक पीएसआय कमी करून पाहा. हा नियम तुम्ही शिखराच्या वर आहात तोवरच चालतो. दाब आधीच कमी असेल तर हीच कृती उलटा परिणाम देईल. म्हणून एका वेळी एकच अॅक्सल, एकच पीएसआय, आणि प्रत्येक बदलाची नोंद वहीत.

रस्त्यावरच्या गाडीत पुढच्या-मागच्या दाबातला कंपनीने सांगितलेला फरक तसाच राहू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विशेषतः मागची हवा त्याहून कमी करू नका. ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबावा लागेल तेव्हा मागचा भाग शहाणा हवा असतो.

‘थंड’ टायर म्हणजे नेमकं काय? आणि चालवल्यावर दाब किती वाढतो?

गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त किंवा जोरात चालली नसेल, तर टायर थंड समजायचा. दारापाशी किंवा पेट्रोलच्या झाकणामागे छापलेला आकडा थंड टायरचा असतो. चालवून तापलेल्या टायरमधून हवा काढून तो आकडा गाठला, तर टायर गार झाल्यावर हवा कमी पडणार.

वाढ किती होईल हे काढता येतं. गेजवरच्या आकड्यात वातावरणाचा दाब धरलेला नसतो, तो म्हणजे आणखी १४.७ पीएसआय. गेज ३२ दाखवत असेल तर खरा दाब ४६.७. तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन. १० अंश तापमान वाढलं की दाब तिसाव्या हिश्श्याने वाढतो, म्हणजे सुमारे दीड पीएसआय. सकाळी भरलेली हवा दुपारी जास्त दिसते ती यामुळे. उन्हातल्या बाजूची चाकं सावलीतल्या चाकांपेक्षा जास्त दाब दाखवतात तेही यामुळेच.

आता ट्रॅकचा हिशेब. २७ अंशाला २७ पीएसआय हवा भरलेली आहे. जोरात लॅप मारून आतली हवा ८० अंशांवर गेली, तर गेज ३४ च्या वर जाईल. सात पीएसआयची ही वाढ लक्षात घेतली नाही, तर सकाळचा आकडा काही कामाचा नाही.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. समुद्रसपाटीवरून हजार मीटर वर गेलात, तर बाहेरचा दाब घटल्याने गेज दीड पीएसआयच्या आसपास जास्त दाखवेल. पण वर गारवा असतो, त्यामुळे बऱ्याचदा हिशेब आपोआप जुळतो.

पहिल्यांदाच ट्रॅक-डेला (स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसाला) जातोय. सुरुवात किती पीएसआयने करू?

आधी गरम टायरचं लक्ष्य ठरवा, मग त्यावरून मागे या. टायर कंपनी आपल्या मॉडेलसाठी गरम दाबाचा पल्ला देत असेल तर तोच धरा. नसेल, तर रस्त्यावर चालणारे बरेच परफॉर्मन्स टायर गाडीच्या वजनाप्रमाणे गरम अवस्थेत ३२ ते ३८ पीएसआयच्या दरम्यान चांगलं काम करतात. जड गाडीला वरचा आकडा, हलकीला खालचा.

पहिल्या सत्राला कंपनीच्या थंड आकड्यावरच, किंवा त्याहून फार तर एक-दोन पीएसआय कमी ठेवून जा. लक्ष्यातून अपेक्षित वाढ वजा करून पहिल्याच सत्राला एकदम २२ वर जाऊ नका. पहिल्या दोन लॅपमध्ये टायर थंड असतात, हवा कमी असते आणि चालक उत्साहात असतो. तेव्हा साइडवॉल दुखावते. काही लॅपनंतर पिटमध्ये या आणि लगेच मोजा. गाडी लावून, हेल्मेट काढून, पाणी पिऊन मोजलं तर तो आकडा गरम टायरचा राहत नाही. जास्तीची हवा तिथेच काढा. पुढच्या सत्रानंतर पुन्हा मोजा.

डावी-उजवीकडे फरक येईल, त्याने गोंधळू नका. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात, त्यामुळे डावे टायर जास्त भार घेतात आणि जास्त तापतात. गरम झाल्यावर दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर डाव्या बाजूला सुरुवातीलाच थोडी कमी हवा ठेवावी लागते.

टायर स्वतःही बोलतो. बऱ्याच टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो. झीज त्रिकोणाच्या टोकाच्या पार खाली साइडवॉलवर उतरली असेल तर टायर दुमडतोय, म्हणजे हवा कमी आहे किंवा कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) अपुरा आहे. झीज त्रिकोणापर्यंत पोचलीच नसेल तर हवा जास्त असण्याची शक्यता आहे. त्रिकोण नसेल तर खांद्यावर खडूच्या रेघा ओढा, कुठपर्यंत पुसल्या ते पाहा.

पायरोमीटर (टायरचं तापमान मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. ट्रेडच्या आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी तापमान घ्या. मधला आकडा दोन्ही बाजूंच्या सरासरीपेक्षा ठळक जास्त असेल तर हवा जास्त, कमी असेल तर हवा कमी. आतल्या आणि बाहेरच्या कडेतला फरक मात्र कॅम्बरची गोष्ट सांगतो, तो हवेने मिटवायला जाऊ नका. सुई रबरात खुपसायचा पायरोमीटर घ्या. लांबून मोजणारी इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग पाहते, आणि पिटमध्ये येईपर्यंत तो गार झालेला असतो.

आणि हो, घरी निघण्याआधी हवा परत भरा. संध्याकाळी टायर गार होतात, दाब २४-२५ वर उतरतो आणि गाडी तशीच हायवेला लागते. हे फार वेळा घडतं.

पावसात हवा कमी करावी का?

रस्त्यावर, नाही. कमी हवेच्या टायरला पाणी बाजूला सारायला जास्त वेळ लागतो आणि तो लवकर पाण्यावर तरंगतो. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून एक सूत्र मांडलं: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, म्हणजे तरंगायला लागण्याचा वेग नॉटमध्ये. ३६ पीएसआयला ५४ नॉट येतात, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. २५ पीएसआयला तोच वेग ताशी ८३ किलोमीटरवर उतरतो. साचलेलं पाणी ट्रेडला पेलवत नाही अशा स्थितीचं हे सूत्र आहे, त्यामुळे गाडीच्या टायरला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. ट्रेडची खोली आणि टायरची रुंदी यांचाही मोठा वाटा असतो. पण दिशा स्पष्ट आहे. झिजलेला रुंद टायर आणि वर हवा कमी, ही पावसातली सर्वात वाईट जोडी.

ट्रॅकवर सेमी-स्लिक (फार कमी खाचांचे टायर) घेऊन पावसात उतरणारे बहुधा थंड दाब वाढवूनच जातात, कारण टायर तापत नाही आणि कोरड्या दिवसासारखा दाब चढत नाही.

फॉर्म्युला वनचे टायर २०-२५ पीएसआयवर धावतात. मग माझे का नकोत?

तो टायर त्यासाठी बनवलेला असतो, गाडी खूप हलकी असते, आणि रस्त्यावरच्या टायरसारखं त्याला हजारो किलोमीटर टिकायचं नसतं. तरीही तिथे दाबाची किमान मर्यादा टायर पुरवणारी पिरेली ठरवते, कारण संघांना मोकळं सोडलं तर ते पकडीसाठी आणखी खाली जातील.

२०१५ च्या मोंझा शर्यतीत हाच विषय पेटला होता. सुरुवातीआधी ग्रिडवर तपासणी झाली, तेव्हा मर्सिडीजच्या दोन्ही गाड्यांच्या मागच्या डाव्या टायरमध्ये किमानपेक्षा कमी दाब निघाला: लुईस हॅमिल्टनच्या गाडीत ०.३ पीएसआयने, निको रोझबर्गच्या गाडीत १.१ पीएसआयने. हॅमिल्टन शर्यत जिंकला आणि निकाल काही तास टांगणीला लागला. चौकशीत दिसलं की टायर बसवताना दाब बरोबर होता, पण तपासणीच्या वेळी टायर गरम ठेवणाऱ्या ब्लँकेटची वीज बंद होती आणि टायर गार झाले होते. कारवाई झाली नाही. तापमान न सांगता नुसता पीएसआय सांगणं किती अपुरं असतं, ते यातून दिसतं.

साइडवॉलवर ‘कमाल दाब’ लिहिलाय, तेवढी हवा भरू का?

नाही. ती टायरची मर्यादा आहे. तोच टायर पाच वेगळ्या गाड्यांना बसतो. तुमच्या गाडीचा आकडा गाडीवर छापलेला असतो.

सतत खूप वेगात चालवायचं असेल तर?

हवा वाढवावी लागते, कमी नाही. जास्त वेगात कमी हवेचा टायर जमिनीपासून सुटताना पूर्ववत होण्याआधीच पुढची फेरी सुरू होते, ट्रेडवर लाटा उभ्या राहतात आणि उष्णतेने टायर फाटतो. म्हणूनच बऱ्याच कंपन्या पूर्ण भारासाठी किंवा जास्त वेगासाठी वेगळा, जास्तीचा दाब देतात. टायरवरचं ‘वाय’ हे अक्षर ताशी ३०० किलोमीटरची हमी देतं, पण दाब आणि भार बरोबर असेल तरच.

नायट्रोजन भरल्याने हँडलिंग सुधारतं का?

साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतात. खरा फरक ओलाव्याचा आहे. दमट हवेतलं पाणी तापलं की दाब अंदाजापेक्षा जास्त चढतो. कॉम्प्रेसरला चांगला ड्रायर असेल तर साधी हवाही तेवढीच सरळ वागते. फुकट मिळाला तर घ्या, पण लॅप टाइम त्यात शोधू नका.

डॅशबोर्डवर टीपीएमएस (टायरमधला दाब घटला की दिवा लावणारी यंत्रणा) आहे, वेगळं गेज कशाला?

तो दिवा पंक्चर सांगायला आहे, हँडलिंग जुळवायला नाही. अमेरिकेच्या नियमानुसार दाब सांगितलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांनी घटला की दिवा लागला पाहिजे. म्हणजे ३२ सांगितले असतील तर २४ पर्यंत तो गप्प राहू शकतो. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो, एबीएसवरून चाकांच्या फिरण्याची तुलना होते. चारही टायर सावकाश सारखेच उतरले तर ती तुलना सहज फसू शकते. आणि टायर उतरतातच, महिन्याला साधारण एक पीएसआय तरी.

मोठे रिम आणि लो-प्रोफाइल टायर लावले. जुनाच आकडा ठेवू का?

आधी नव्या टायरचा लोड इंडेक्स (तो किती भार पेलतो हे सांगणारा आकडा) पाहा. साध्या टायरची भारक्षमता युरोपीय मानकात २.५ बारला मोजलेली असते, ‘एक्सएल’ (जास्त भार पेलणाऱ्या) टायरची २.९ बारला. त्यामुळे साध्याच्या जागी एक्सएल आला आणि हवा जुनीच राहिली, तर त्याची वाढीव ताकद तुम्हाला मिळतच नाही. टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यावरून नवा आकडा काढून घ्या. साइडवॉल लहान झाल्याने कमी हवा डोळ्यांना दिसतही नाही, आणि एका खड्ड्यात रिम वाकतं.

गेज कोणतं घ्यावं?

पंपावरचं गेज दिवसभर आपटत असतं, त्याचा भरवसा धरू नका. स्वतःचं डिजिटल किंवा मोठ्या तबकडीचं घ्या, हवा सोडायचं बटण असलेलं. ते अर्धा पीएसआय चुकीचं दाखवत असलं तरी चालेल, पण दर वेळी तेवढंच चुकायला हवं. दोन गेज आलटून पालटून वापरले तर वहीतल्या नोंदी वाया जातात. आणि मोजून झालं की व्हॉल्व्हची टोपी परत लावा, आत रबरी सील असलेली. खूप वेगात फिरणाऱ्या चाकात व्हॉल्व्हच्या आतली पिन चाकाच्या मध्यापासून दूर, म्हणजे टायरच्या आतल्या दिशेला ओढली जाते. ती किंचित उघडली, तर हवा अडवायला तेवढी टोपीच असते.